माशीलाही नोंदवहीत जागा द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य-सचिव व सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर;
तसेच गावोगावच्या आणि शहरांतल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या

विषय : लोक जैवविविधता नोंदवहीत माश्यांच्या नोंदी घेण्याबाबत



२००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी या देशातल्या प्रत्येक गावाला एक मोठा मान दिला. आपल्या शिवारात कोण कोण जगते, त्याचा उपयोग काय, त्याच्याविषयी जुन्या माणसांना काय ठाऊक आहे, हे सारे गावानेच लिहून ठेवायचे आणि त्या लिखाणाला सरकारदरबारी किंमत असायची. या लोक जैवविविधता नोंदवहीत झाडे, पिके, गुरे, पक्षी, मासे यांच्याबरोबर कीटकांनाही जागा आहे. ती जागा भरायला बसले की फुलपाखरू आधी आठवते, मग मधमाशी, मग फार तर चतुर आणि काजवा. त्याच पानावर माशीलाही तिचा रकाना मिळावा, अशी माझी विनंती आहे. तिच्यामागे भूतदयेहून अधिक व्यावहारिक कारण आहे. ज्यांच्या कामावर आपला आंबा, आपले बियाणे, आपल्या सड्यांवरची फुले आणि आपल्या मातीचा कस अवलंबून आहे, त्यांना वगळून केलेली नोंद अपुरी राहते. अपुऱ्या नोंदीवर आखलेले संरक्षणही मग अपुरेच पडते. एवढीच गोष्ट मला पुराव्यानिशी मांडायची आहे.

माशी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ताटावर बसणारी घरमाशी. पण माश्यांचे कुळ फार मोठे आहे. पंखांची एकच जोडी असलेल्या कीटकांचा हा गण. डास, चिलटे, गोमाशी, फळमाशी, खोडमाशी हे सारे त्यातलेच. या गणातल्या दीड लाखाहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे आणि वर्णन न झालेल्याही पुष्कळ आहेत. माणसाच्या घरात, गोठ्यात आणि उकिरड्यावर मुक्काम ठोकणाऱ्या जाती त्यांतल्या मोजक्याच. बाकीच्या ओढ्याकाठी, पालापाचोळ्यात, झाडांच्या ढोलीत, फुलांवर, दुसऱ्या कीटकांच्या शरीरात आपापले आयुष्य काढतात आणि आपल्या वाटेला जातही नाहीत. भारतातल्या माश्यांचा मोठा धांडोळा एन्रिको ब्रुनेटी यांनी घेतला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत त्यांचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ साली निघाले. त्याला आता शतक उलटले. त्यानंतर तज्ज्ञांनी आपापल्या परीने भर घातली, पण एखाद्या गावच्या हद्दीत कोणत्या माश्या कधी दिसतात, हे गावानेच टिपून ठेवण्याचे काम अजून आपल्यापुढे आहे.

आधी रूपाविषयी लिहितो, कारण माशीकडे न पाहण्याचे पहिले कारण ती कुरूप आहे हा समज. मासळीबाजारात, मेलेल्या जनावरावर आणि आंब्याच्या मोहोरावरही दिसणारी मोठ्या लाल डोळ्यांची हिरवी माशी, जिला शास्त्रज्ञ क्रायसोमाया मेगासेफाला म्हणतात, ती एकदा उन्हात नीट पाहावी. तिची पाठ हिरवी, कलल्यावर निळी, कडेला जांभळट दिसते. कवचाच्या अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशातून ही झळाळी उमटते. मोराच्या पिसाऱ्याचे रंगही प्रकाशाच्या अशाच खेळातून येतात. तिचे डोळे हजारो बारीक भिंगांचे बनलेले असतात आणि माणसाला सलग वाटणारी उघडझाप त्यांना सुटी सुटी दिसते. म्हणून आपला हात कितीही चपळ असला तरी तिला तो संथच वाटत असणार. मागच्या पंखांच्या जागी तिला दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गोळी असलेल्या. उडताना त्या पंखांच्याच तालावर हलतात. शरीर किंचित वळले तरी त्यांच्या मुळाशी ताण पडतो, तो ताण मज्जातंतू टिपतात आणि डोळ्यांनी बदल कळण्याआधीच माशी स्वतःला सावरते. विमानातला जायरोस्कोप जे काम करतो, ते काम हा जीव कोट्यवधी वर्षे करत आला आहे. फुलापुढे हवेत निश्चल थांबणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी या कौशल्याचा कळस आहे. तिला पाहून अनेकजण मधमाशी समजून दचकतात, पण तिला नांगी नसते. मधमाशीला पंख चार, हिला दोन आणि मिशा अगदी आखूड, एवढी खूण लक्षात ठेवली तरी ओळख पटते.

रूपापेक्षा कामाचा पुरावा अधिक भक्कम आहे आणि तो आपल्या कोकणातच सापडतो. आंब्याच्या मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांहून अधिक बारीक फुले असतात. त्यांतली बहुतेक नर असतात आणि फळ धरू शकणारी उभयलिंगी फुले थोडी. फूल उघडे, उथळ, मध जेमतेम. अशा फुलाला लांब सोंडेच्या पाहुण्यापेक्षा आखूड तोंडाची, सतत हिंडणारी माशी सोयीची. निरनिराळ्या देशांतल्या आंबा बागांच्या अभ्यासात मोहोरावर येणाऱ्यांमध्ये हिरव्या माश्या, घरमाशीच्या कुळातल्या माश्या आणि सिरफिड माश्या पुन्हा पुन्हा पुढे दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातले काही बागायतदार मोहोराच्या दिवसांत माश्या याव्यात म्हणून झाडांजवळ मुद्दाम कुजके मांस ठेवतात. हीच गोष्ट कांद्याच्या बियाण्याची. डोंगळे फुलले की त्यांच्या गोंड्यांवर मधमाश्यांबरोबर माश्यांचीही गर्दी होते. जाळीत बंदिस्त ठेवलेल्या कांद्याच्या आणि गाजराच्या फुलांवर परागीकरणासाठी माश्या सोडण्याची पद्धत बियाणे तयार करणाऱ्यांनी काही देशांत अवलंबली आहे. चॉकलेट ज्यापासून बनते तो कोको तर जवळजवळ सर्वस्वी बारीक चिलटांच्या भरवशावर फळतो. २०१६ साली पाच खंडांतल्या ३९ क्षेत्रीय अभ्यासांचा एकत्र विचार करून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यानुसार पिकांच्या फुलांना होणाऱ्या एकूण भेटींपैकी २५ ते ५० टक्के भेटी मधमाश्यांच्या कुळाबाहेरच्या कीटकांच्या होत्या. त्या कीटकांत माश्या ठळक आहेत. एकेका भेटीत ते मधमाशीपेक्षा कमी परागकण पोचवतात, पण भेटी इतक्या करतात की ती उणीव भरून निघते.

शिवारातून सड्यावर गेलो तर हे नाते आणखी घट्ट दिसते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर आणि कड्यांवर कंदीलपुष्पे उगवतात. त्यांच्या कित्येक जाती पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही नाहीत आणि काही तर मोजक्या डोंगरांपुरत्याच उरल्या आहेत. या फुलाची रचना माशीसाठीच झाली आहे. वासाने ओढलेली बारीक माशी निसरड्या नळीतून खालच्या फुगीर कोठीत उतरते. नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे तिला लगेच बाहेर पडता येत नाही. त्या धडपडीत परागपुंज तिच्या तोंडाला चिकटतात. मग केस सुकतात, वाट मोकळी होते आणि ती दुसऱ्या कंदिलाकडे जाते. याच कुळातले दक्षिण आफ्रिकेतले एक फूल जखमी मधमाशीच्या गंधाची नक्कल करून विशिष्ट माश्यांना बोलावते, हे २०१६ मध्ये उघड झाले, इतका हा संवाद बारीक आहे. आता सापसंद या वेलाचा विचार करा. सदर्न बर्डविंग, क्रिमझन रोझ, कॉमन रोझ या आपल्या देखण्या फुलपाखरांच्या अळ्या सापसंदाच्या पानांवर वाढतात. सापसंद ज्या कुळातला आहे त्याची फुलेही बारीक माश्यांनाच कोंडून परागीकरण साधतात. म्हणजे ज्या फुलपाखरासाठी आपण उद्यान उभारतो, त्याच्या अन्नाच्या बीजामागे एक अनाम माशी आहे. कंदीलपुष्पाला कुंपण घालून आणि फुलपाखराची पाटी लावून हा धागा राखता येणार नाही. तो राखायचा तर माशी नोंदीत हवी.

सिरफिड माशीचे दुसरे काम शेतकऱ्याच्या थेट फायद्याचे आहे. तिच्या अनेक जातींच्या अळ्या माव्यावर जगतात. मोहरी, करडई, भाजीपाला, गहू यांवर मावा पडला की ही माशी नेमकी त्या वसाहतीत अंडी घालते आणि एकेक अळी वाढताना शेकडो मावा फस्त करते. कृषी विभागाच्या सल्ल्यांत ती मित्रकीटक म्हणून येते, पण फवारणीचा पंप पाठीवर घेतल्यावर मित्र आणि शत्रू असा भेद राहत नाही, सुक्याबरोबर ओलेही जळते. तिचा पसारा किती मोठा असू शकतो, हे दक्षिण इंग्लंडच्या आकाशात रडारने मोजले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार तिथून दरवर्षी चार अब्जांपर्यंत सिरफिड माश्या स्थलांतर करत ये-जा करतात, त्यांच्या अळ्या लक्षावधी कोटी मावा खातात आणि त्या स्वतः अब्जावधी परागकण वाहून नेतात. आपल्याकडच्या माश्यांची अशी मोजदाद करायची तर सुरुवात त्यांच्या साध्या नोंदींपासूनच होईल. टॅकिनिड कुळातल्या माश्या आपली अंडी सुरवंटांवर किंवा त्यांच्या खाद्यावर सोडतात आणि पिके खाणाऱ्या अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. पाकोळ्या, वेडे राघू, नाचण, कोतवाल, बेडूक, कोळी आणि चतुर यांचे पोट भरण्यात माश्यांचा वाटा आहेच.

तिसरे काम आपल्याला किळसवाणे वाटते, पण त्याच्यावाचून आपला श्वास कोंडला असता. मेलेल्या जनावराभोवती हिरव्या माश्या काही मिनिटांत जमतात, अंडी घालतात आणि अळ्या मांस पचवून ते मातीत परत देतात. अठराव्या शतकात लिनियसने असे लिहून ठेवले की तीन माश्यांची संतती घोड्याचे कलेवर सिंहाच्या वेगाने संपवते. त्यातली अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतो. डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातली गिधाडे काही वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली, २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि मृत जनावरांची विल्हेवाट लावणारा एक मोठा वर्ग गेल्यावर काय होते हे आपण पाहिले. उरलेल्या सफाईदारांमध्ये माशीच्या अळ्या आहेत. शेणात, पाचोळ्यात, नाल्याच्या गाळात हेच काम दुसऱ्या जाती करतात. या अळ्यांची पचनशक्ती माणसाने उपयोगातही आणली आहे. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात आणि त्याच अळ्या मासे व कोंबड्यांच्या खाद्यात वापरता येतात. युरोपीय संघाने २०१७ साली मत्स्यखाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली. निर्जंतुक वाढवलेल्या हिरव्या माशीच्या अळ्या न भरणाऱ्या जखमेतला फक्त मेलेला भाग खातात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्यांच्या वैद्यकीय वापराला मान्यता दिली.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत मोठा आक्षेप रोगाचा आहे आणि तो खरा आहे. घरमाशी विष्ठेवरून अन्नावर जाते, पायांवर, तोंडावाटे आणि विष्ठेतून जंतू पोचवते. हगवण, आमांश, विषमज्वर यांच्या प्रसारात तिचा हात आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पाकिस्तानातल्या खेड्यांच्या अभ्यासात माश्यांवर फवारणी केल्यावर मुलांमधील अतिसाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घराला माश्या सहन करा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण हाच पुरावा आणखी काही सांगतो. माशी जंतू निर्माण करत नाही, ती ते आपल्या उघड्या मैल्यातून आणि सडलेल्या ओल्या कचऱ्यातून उचलते. उन्हाळ्यात अंड्यापासून उडती माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवडाभर साचलेला ढीग म्हणजे तिची पुढची पिढी. डीडीटी वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत, १९४० च्या दशकातच, ती पचवणाऱ्या घरमाश्या युरोपात आढळल्या. त्यामुळे फवारणीवर भिस्त ठेवणारा गाव दर हंगामात नवे औषध शोधत बसतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. तो वेगळा करून वेळेवर उचलणे, मैला झाकणे, शेणखताचा खड्डा झाकून ठेवणे आणि अन्नावर जाळी घालणे, हा घरमाशीवरचा टिकाऊ उपाय. त्याने घरमाशी कमी होते आणि सड्यावरच्या चिलटाला धक्काही लागत नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा. फळमाशी आंबा सडवते, खोडमाशी ज्वारी आणि सोयाबीन पोखरते, गोमाशी गुरांचे रक्त पिते, जखमेत आसड्या पडल्या तर जनावर हैराण होते. मग यांची नोंद करून त्यांना मान का द्यायचा? नोंदवहीत नाव येणे म्हणजे अभयदान मिळणे नव्हे. गावाने सापाचीही नोंद करायची आणि विषारी वनस्पतीचीही. शिवाय नेमकी ओळख हाच नेमक्या उपायाचा पाया असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा घ्या. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या गंधाकडे फळमाशीचे नर ओढले जातात आणि बागेतल्या बाकीच्या माश्या मोहोरावर आपले काम करत राहतात. कोणती माशी, तिचा नर कशाकडे ओढला जातो, ती कधी अंडी घालते, हे ठाऊक होते म्हणूनच हा सापळा बनला. अज्ञानातून सरसकट विष फवारले जाते. ज्ञान हाती आले की एकाच शत्रूला गाठता येते. फळमाशीवर राग असलेल्या बागायतदारानेही म्हणूनच या नोंदींचा आग्रह धरायला हवा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. माश्या ओळखणे कठीण, तज्ज्ञ थोडे, मग गावातल्या समितीने हे कसे करावे? जातीपर्यंत ओळख पटवणे खरोखर कठीण आहे, पण नोंदीची सुरुवात तिथून करायची नाही. सिरफिड, हिरवी-निळी माशी, घरमाशी, गोमाशी, टॅकिनिड, सोल्जर फ्लाय, फळमाशी, चिलट असे आठ-दहा गट खुणांवरून कोणालाही ओळखता येतात. सोबत छायाचित्र, जागा, तारीख, फुलाचे किंवा प्राण्याचे नाव आणि माशी काय करत होती हे लिहिले की ती नोंद उद्या तज्ज्ञाला कामाची ठरते. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे, ठिकठिकाणी महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग आहेत, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी फळांवरच्या ड्रॉसोफिला माशीच्या चव व गंध ओळखण्यावर केलेल्या कामाने माशीच्या अभ्यासाची प्रतिष्ठा आपल्या राज्यात केव्हाच सिद्ध केली आहे. गुराख्याला गोमाशीचा हंगाम ठाऊक असतो, बागायतदाराला मोहोरावरची वर्दळ ठाऊक असते. हे ज्ञान टिपून घेण्यासाठीच तर नोंदवही आहे.

आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांमध्ये २७ वर्षे सापळे लावून केलेल्या अभ्यासाने २०१७ साली दाखवले की उडत्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले. तिथे ही घट कळली, कारण कोणीतरी आधी मोजून ठेवले होते. आपल्याकडे तशीच घट झाली असेल किंवा उद्या होणार असेल, तर ती कळण्यासाठी आजची नोंद लागेल. आज न लिहिलेला कीटक उद्या गेला तर तो गेल्याचेही कोणाला कळणार नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. लोक जैवविविधता नोंदवही तयार करताना आणि अद्ययावत करताना माश्यांचा स्वतंत्र रकाना आखून द्यावा. त्यासाठी ठळक गटांची सचित्र मराठी पुस्तिका मंडळाने काढावी आणि ती समित्यांपर्यंत व शाळांपर्यंत पोचवावी. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींच्या संरक्षण आराखड्यात त्यांचे परागीकरण करणाऱ्या माश्यांचा शोध आणि त्यांच्या अधिवासाचे रक्षण सक्तीचे करावे. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना असा सल्ला द्यावा की घरमाशीचा बंदोबस्त कचरा व मैला आवरून करावा, फवारणी रोगाच्या साथीपुरती आणि वस्तीपुरती ठेवावी, तिचे फवारे नाल्याकाठच्या, सड्यावरच्या आणि बागेतल्या जिवांवर जाऊ देऊ नयेत.

२०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू घोषित करून महाराष्ट्राने देशात पहिले पाऊल टाकले. त्या निर्णयाने असंख्य मुले फुलपाखरांकडे पाहू लागली. सुंदर आहे म्हणून जपायचे, ही पायरी आपण चढलो. आवश्यक आहे म्हणून जपायचे, ही पुढची पायरी आहे आणि तिथेही महाराष्ट्रच पहिला असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. येत्या पावसाळ्यापासून एखाद्या तालुक्यात, निदान काही समित्यांमधून, प्रयोग म्हणून का होईना, हे काम आपण सुरू करावे ही आग्रहाची विनंती.



आपला नम्र,
महाराष्ट्राचा एक नागरिक